हातची विद्या : वर्षाच्या पांच घरगुती हस्तकला

बाजारांत सर्व वस्तु तयार मिळूं लागल्यापासून घरीं हातानें कांहीं करण्याचें प्रयोजनच उरलें नाहीं, अशी समजूत आपल्या कुटुंबांतून हळूहळू रूढ होत चालली आहे. फुलांसाठीं परडी हवी, तर ती दुकानांत आहे. बाळाचें दुपटें हवें, तर तें घरबसल्या मागवितां येतें. आणि दिवाळीचा किल्लासुद्धां आतां पुण्याच्या रस्त्यांवर रंगवून तयार मिळतो. केवळ पैशाचाच हिशेब मांडला, तर यांतील कित्येक वस्तु विकतच स्वस्त पडतात. मग घरीं हा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न एखाद्या सुनेनें किंवा नातवानें विचारला, तर त्यास काटकसरीचें उत्तर पुरेसें होत नाहीं. खरें उत्तर निराळें आहे, आणि तें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

विद्या दोन ठिकाणीं राहते : एक ग्रंथांत, दुसरी हातांत. ग्रंथांतील विद्या शंभर वर्षें कपाटांत पडून राहिली, तरी पुढें एखादा जिज्ञासु ती उघडून वाचूं शकतो. हातांतील विद्येचें तसें नाहीं. लगदा किती मऊ झाला म्हणजे पुरे, टांका किती ओढावा, गांठ कोठें सैल राखावी, हें लिहून पुरतें कळत नाहीं. हल्लीं मोबाइलवर चित्रफिती पाहून पुष्कळ कांहीं शिकतां येतें, हें आम्हांस मान्य आहे. तथापि चित्रफितींत हात कसा फिरतो एवढेंच दिसतें. बोटांस काय लागतें, तें दिसत नाहीं. तें शेजारीं बसून, हातावर हात ठेवूनच कळावें लागतें. म्हणून एका पिढीनें हात आंखडला, कीं ती विद्या घरांतून कायमची गेली असें समजावें.

आपल्या पूर्वजांनीं या विद्येस हलकें मानलें नव्हतें. वात्स्यायनानें दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादींत गायन-वादनाबरोबर शिवणकाम आहे, वेताचें विणकाम आहे आणि झाडांची जोपासनाहि आहे. अलीकडच्या काळांत 1937 सालीं वर्धा येथें भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योग हाच शिक्षणाचा पाया असावा, असा विचार मांडला. आपल्या पुण्यांतहि त्या विचाराशीं नातें सांगणारें एक उदाहरण आहे. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें शिकलेले अभियंते श्री. अरविंद गुप्ता यांनीं 2003 पासून 2014 पर्यंत आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रांत मुलांसाठीं काम केलें आणि आगकाड्या, सायकलच्या नळ्या, जुनीं वर्तमानपत्रें असल्या टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविणारीं खेळणीं देशभर पोंचविलीं. 2018 सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. सांगावयाचें इतकेंच, कीं हातानें करणें हें अडाण्याचें काम नसून बुद्धीचें शिक्षण आहे.

परंतु चांगल्या गोष्टी नुसत्या पटून टिकत नाहींत. पंचांगांत ज्यास स्थान आहे, तें घरांत टिकतें. ‘सवड मिळेल तेव्हां करूं’ म्हणून ठेवलेलें काम कधींच होत नाहीं. यासाठीं आम्हीं पुढें पांच साधीं कामें दिलीं आहेत, आणि प्रत्येकास वर्षांतील त्याची वेळ नेमून दिली आहे. वेळ नेमण्यांत केवळ सोय नाहीं. त्या त्या ऋतूचें ऊन, पाऊस आणि थंडी त्या त्या कामास उपयोगीं पडतात.

चैत्र-वैशाख : लगद्याची परडी

कसबा पेठेंत कागदीपुरा नांवाचा भाग आहे. हातानें कागद करणाऱ्या कारागिरांच्या वस्तीची आठवण त्या नांवांत राहिली आहे. पुढें 1940 सालीं गांधीजींच्या प्रेरणेनें प्रा. के. बी. जोशी यांनीं शिवाजीनगर येथें हातकागदाची संस्था उभी केली; तेथें सुती कापडाच्या कातरणांपासून कागद होऊं लागला. कागद म्हणजे वनस्पतींच्या बारीक तंतूंचें जाळें होय. पाण्यांत ते तंतु सुटे होतात आणि वाळतांना पुन्हां एकमेकांस घट्ट धरतात. हें एक तत्त्व ध्यानांत घेतलें, म्हणजे लगद्याचें सारें काम समजतें.

पाव किलो रद्दी बोटभर तुकड्यांत फाडून दोन-तीन दिवस पाण्यांत भिजत ठेवावी व पाणी रोज बदलावें. गुळगुळीत, चकचकीत छपाईचीं पानें घेऊं नयेत. त्यांवर पांढऱ्या मातीचा लेप असतो व तीं नीट मऊ होत नाहींत. मूठभर मेथ्या रात्रीं भिजत घालून सकाळीं बारीक वाटाव्या. मेथीचा चिकटपणा लगद्यास बांधून ठेवतो आणि तिच्या कडूपणामुळें कसर व किडे दूर राहतात. आपल्याकडे जुनीं सुपें व टोपल्या याच मिश्रणानें लिंपण्याची रीत होती, ती याच कारणानें. भिजलेला कागद पिळून खलबत्त्यांत कुटावा, किंवा मिक्सरमध्यें थोडें थोडें पाणी घालून फिरवावा. त्यांत वाटलेली मेथी घालून कणकेसारखा मळावा. मुठींत दाबला असतां पाणी गळूं नये, पण गोळ्यास भेगहि पडूं नये, इतपत ओलावा असावा.

आतां एखादें पातेलें पालथें घालून त्यावर ओलें पातळ फडकें पसरावें आणि तळापासून कडेकडे अर्ध्या बोटाच्या जाडीचा थर हातानें थापीत आणावा. थर सर्वत्र सारखा हवा; जाड जागा उशिरां वाळते व तेथें बुरशी धरते. पुण्याचें वैशाखांतील कोरडें ऊन या कामास फार अनुकूल. दोन दिवसांनीं फडक्यासह परडी हलकेच उतरवून आंतील बाजूस ऊन द्यावें. चार-पांच दिवसांत ती खडखडीत होते. वरून पांढऱ्या कागदाचे तुकडे खळीनें चिकटवून गेरूनें रंगविली, कीं तिला शोभा येते. एक सूचना मात्र विसरूं नये. वर्तमानपत्राच्या शाईचा अन्नाशीं संबंध येणें आरोग्यास घातक असल्याचा इशारा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें 2016 सालीं दिला आहे. यास्तव ही परडी फुलें, वाती, लोकर, औषधांच्या चिठ्या अशा वस्तूंसाठींच वापरावी. खाद्यपदार्थ तींत ठेवूं नयेत.

श्रावण-भाद्रपद : करवंटी आणि शिंकें

नारळी पौर्णिमेपासून गणपतींपर्यंत घरांत नारळ फुटत असतात आणि करवंट्या केरांत जातात. नारळाच्या बुडाशीं तीन डोळे असतात. त्यांतील दोन टणक व एक मऊ. रुजणाऱ्या नारळाचा कोंब याच मऊ डोळ्यांतून बाहेर येतो. डोळ्यांकडची अर्धी करवंटी घेऊन हा मऊ डोळा टोंच्यानें उघडला, कीं पाणी निथळण्याचें भोक आयतेंच मिळतें. धार असलेली कड पॉलिश पेपरनें घांसावी, तळाशीं काथ्याची लहान गुंडी ठेवावी, आणि वर माती व शेणखत समभाग घालावें. अशा करवंटींत तुळशीचीं रोपें, मिरचीचीं रोपें, ओव्याची किंवा चिनी गुलाबाची फांदी उत्तम लागते. पावसाळ्याचा ओलावा असल्यामुळें या महिन्यांत फांद्या लवकर जीव धरतात.

ही करवंटी टांगावयाची ती शिंक्यांत. पूर्वीं दुधादह्याचीं भांडीं मांजराच्या व मुंग्यांच्या आटोक्याबाहेर राहावीं म्हणून प्रत्येक स्वयंपाकघरांत शिंकें असे. शीतकपाट आल्यावर तें उतरलें. आणि आतां तीच वस्तु ‘मॅक्रमे’ या नांवानें शोभेच्या दुकानांतून चांगला भाव घेऊन परत आली आहे. आपल्या आजीस जें येत होतें, तें परक्या नांवानें विकत घेण्याचें कारण नाहीं.

दोन-दोन मीटरचे सुतळीचे चार तुकडे घ्यावे. ते एकत्र करून मधोमध दुमडावे व दुमडीपाशीं अडकविण्यापुरता फांसा राखून घट्ट निरगांठ मारावी. आतां खालीं आठ पदर सुटतात. फांशापासून दोन वितींवर शेजारशेजारचे दोन-दोन पदर घेऊन चार गांठी माराव्या. त्यांच्या खालीं चार बोटांवर दुसरी फेरी करावी. या फेरींत पहिल्या जोडीतला उजवा पदर व पुढच्या जोडीतला डावा पदर असे एकत्र घ्यावे. अशा रीतीनें चौकटींची जाळी तयार होते. शेवटीं आठही पदर एकत्र करून करवंटीच्या तळाखालीं एक मोठी गांठ मारावी. सर्व गांठी एका पातळींत असणें, हें या कामाचें मर्म. एक जरी खालीं-वर झाली, तरी करवंटी कलते. आठ-दहा वर्षांच्या मुलांस हें काम सहज येतें, आणि सममिति म्हणजे काय हें भूमितीच्या पुस्तकाहून लवकर कळतें. सुतळी पावसानें कुजते, म्हणून ती उघड्यावर टांगल्यास वर्षानें बदलावी. शिंकें तुटलें म्हणजे बोक्याचें फावतें, ही म्हण येथेंहि लागू आहे!

आश्विन : मातीचा किल्ला

या कामाविषयीं पुणेकरांस आम्हीं शिकवावें असें फारसें नाहीं. दगड-विटा रचून, वर गोणपाट टाकून, चिखल लिंपून केलेला किल्ला आजहि पुण्याच्या वाड्यांत व सोसायट्यांच्या अंगणांत दिवाळीस उभा राहतो. इतर हस्तकला लोपत असतां हीच कां टिकली, याचा विचार करण्यासारखा आहे. तिला ठरलेला काळ आहे, घराबाहेरची थोडी जागा आहे, आणि थोरल्या भावाकडून धाकट्याकडे ती दरवर्षीं जाते. हीं तीन कारणें ज्या कामास लाभतील, तें काम मरणार नाहीं.

दोन सूचना तेवढ्या करतों. पहिली अशी, कीं चिखलांत पेरावयाचे अळीव किंवा मोहरी वसुबारसेच्या चार-पांच दिवस आधीं पेरावी व दिवसांतून दोनदां पाणी शिंपडावें, म्हणजे सणाच्या ऐन दिवशीं किल्ला हिरवागार दिसतो. दुसरी अशी, कीं किल्ला मनास येईल तसा न रचतां एखाद्या प्रत्यक्ष गडाचा नकाशा पुढें ठेवून रचावा. सिंहगड तर शहरांतून दिसतो. पुणें दरवाजा कोणत्या अंगास, कल्याण दरवाजा कोणत्या अंगास, हें मुलांनीं गडावर जाऊन पाहून यावें. दिवाळी संपल्यावर ती माती चाळून कुंड्यांत घालावी. तींत उगवलेल्या मोहरीचें खतच होतें. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या तयार किल्ल्याचें मात्र पुढें काय करावें, याचें उत्तर कोणाजवळ नसतें.

मार्गशीर्ष-पौष : लुगड्याची गोधडी

या दिवसांत पुण्याचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, आणि दुपारच्या उन्हांत अंगणांत वा गच्चीवर बसून शिवण्यास याहून चांगला काळ नाहीं. नऊवारी लुगडें सुमारें आठ मीटर लांब व एक मीटरहून थोडें अधिक रुंद असतें. त्याचे रुंदीइतके चौकोन पाडले, तर सात चौकोन मिळतात. एका दुपट्यास वर एक, खालीं एक व मध्यें एक असे तीन चौकोन लागतात. म्हणजे एका लुगड्यांत दोन दुपटीं होऊन एक चौकोन ठिगळांसाठीं उरतो. विरलेला भाग मध्यें जाईल व धड भाग वर राहील, अशी योजना करावी. वस्त्र सुतीच हवें. कृत्रिम धाग्याचें कापड घाम टिपत नाहीं, आणि बाळाच्या अंगास तें सोसत नाहीं. शेंकडों वेळां धुतलेल्या सुताचा मऊपणा कोणत्याहि गिरणीस नव्या कापडांत आणतां येत नाहीं, हें येथें आवर्जून सांगितलें पाहिजे.

कापड आधीं गरम पाण्यांत धुऊन वाळवावें. तिन्ही थर फरशीवर ताणून पसरावे, चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवावे व मोठमोठे कच्चे टांके घालून थर जागच्या जागीं धरावे. नंतर कडेपासून धावदोरा घालण्यास आरंभ करावा आणि चौकोनाच्या कडेकडेनें फिरत फिरत आंत मध्यापर्यंत यावें. दोन ओळींत एका बोटाचें अंतर असावें. टांका तांदळाच्या दाण्याएवढा असावा. दोरा फार ओढला, तर कापडास चुण्या पडतात. सैल सोडला, तर थर सरकतात. यांतील नेमका ताण घरांतील वडील स्त्रीच्या बोटांत असतो, आणि तो विचारून घेण्याची हीच वेळ. लुगड्याचा काठ काढून घेऊन तोच कडेस पट्टी म्हणून लावावा. बंगालची कांथा, बिहारची सुजनी आणि जपानांतील साशिको हीं सारीं याच साध्या धावदोऱ्याचीं भावंडें होत. त्यांचीं आज प्रदर्शनें भरतात, आणि आपली गोधडी मात्र माळ्यावर पडून असते.

येथें आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सुई ही केवळ मुलींच्या हातची वस्तु, हा समज आतां टाकून द्यावा. ज्या मुलास आपल्या सदऱ्याचें बटण लावतां येत नाहीं, तो परगांवीं शिकावयास गेल्यावर पराधीन होतो. नातू व नात या दोघांनींहि एकाच दुपट्याच्या दोन बाजूंस बसून शिवावें. चार ओळींनंतर कोणाचा टांका सरळ, याची चढाओढ आपोआप लागते.

फाल्गुन : पुरलेलें मडकें

उन्हाळ्याच्या तोंडावर नवा माठ येतो आणि जुना कोपऱ्यांत जातो. हाच जुना माठ बागेस पाणी पाजण्याच्या कामीं येतो. कच्च्या अंगाचें मडकें गळ्यापर्यंत मातींत पुरून पाण्यानें भरलें, तर त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें. सभोंवतींची माती कोरडी असेल, तर ती पाणी ओढून घेते. ओली असेल, तर पाझर मंदावतो. अर्थात् झाडास लागेल तितकेंच पाणी मिळतें आणि वरची माती कोरडी राहिल्यामुळें वाफ होऊन पाणी फुकट जात नाहीं. चीन देशांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या शेतीविषयक ग्रंथांत ही युक्ति वर्णिलेली आहे.

जुन्या माठाचीं छिद्रें पाण्यांतील क्षारांनीं बुजलेलीं असतात. म्हणून तो आधीं काथ्यानें खसाखसा घांसून घ्यावा व रात्रभर पाणी भरून ठेवावा. सकाळीं बाहेरचें अंग ओलसर लागलें, तर माठ कामाचा समजावा. रंगविलेला किंवा चकाकी दिलेला माठ घेऊं नये. तोटी असल्यास तिचें भोक सिमेंटनें बुजवावें. मोठ्या वाफ्यांत पांच लिटरचा माठ व त्याच्या भोंवतीं हातभर अंतरांत वांगीं, टोमॅटो, मिरची लावावी. गॅलरींतील मोठ्या कुंडींत लहान बोळकें पुरेसें होतें. कसब्यांतील कुंभारवाड्यांत तें थोडक्या पैशांत मिळतें. तोंड जमिनीच्या वर दोन बोटें राहूं द्यावें आणि त्यावर घट्ट बसणारें झांकण अवश्य ठेवावें. उघड्या स्वच्छ पाण्यांत डेंग्यूचा डास अंडीं घालतो, आणि एका आठवड्याच्या आसपास त्यांचे डास होतात. झांकण ठेवण्याचें काम घरांतील एखाद्या मुलाकडे नांवानिशीं सोंपवावें. सुटींत चार-पांच दिवस परगांवीं जाणाऱ्या कुटुंबांस हें मडकें विश्वासू माळ्यासारखें उपयोगी पडतें.

अशीं हीं पांच कामें. मेथ्या, सुतळी, सुईदोरा, मूठभर अळीव आणि एखादें बोळकें याखेरीज विकत आणावयाचें यांत कांहीं नाहीं. शोभेसाठीं करून चार दिवसांनीं केरांत टाकावयाची वस्तु आम्हीं यांत जाणूनबुजून घेतली नाहीं. वस्तु वापरांत राहिली, तरच ती करण्याची रीत घरांत राहते. वापरांतील वस्तु सुंदर होऊं शकत नाहींत असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत एकदां मुलांसह जाऊन यावें. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांनीं सारें आयुष्य वेंचून दिवे, अडकित्ते, फण्या, भांडीं अशा हजारों वस्तु जमविल्या व 1975 सालीं तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्या वस्तूंत मोठा भाग घरोघर रोज हाताळलेल्या वस्तूंचा आहे. आज त्या कांचेमागें आहेत. कारण त्या करणारे हात आणि वापरणारीं घरें, दोन्ही पांगलीं.

आपल्या एकत्र कुटुंबांत आज एक निराळीच अडचण दिसते. माणसें एका छपराखालीं असतात, पण नातवास आजीला विचारण्यासारखें कांहीं उरलेलें नसतें. अभ्यासांतील प्रश्न तो यंत्रास विचारतो, गोष्ट पडद्यावर पाहतो. आजीच्या हाताशीं वेळ आहे आणि हातांत विद्या आहे. परंतु ती कोणी मागत नाहीं, म्हणून ती आपण होऊन सांगत नाहीं. लगद्याची परडी थोडी वांकडी झाली किंवा गोधडीची ओळ तिरपी गेली, तरी चालेल. त्या निमित्तानें ‘आजी, हें कसें ग धरायचें?’ असा प्रश्न घरांत उमटला, म्हणजे काम साधलें.

वाचकांनीं येत्या वर्षाच्या दिनदर्शिकेवर हीं पांच कामें आपापल्या महिन्यांत आजच लिहून ठेवावीं, आणि प्रत्येकापुढें तें काम घरांतील कोणास येतें, त्याचें नांव लिहावें. एखाद्या कामापुढें नांव लिहावयास कोणी नसेल, तर शेजारच्या घरांतील वडील माणसास आदरानें बोलवावें. तीं माणसें आहेत तोंवरच हें होण्यासारखें आहे.